रेक आणि तिरपा कोन: पियानोच्या हातोडीला भोक पाडताना होणारी गल्लत

ग्रँड पियानोच्या, तारांवर आघात करणाऱ्या ८८ हातोड्या नव्याने बसवायच्या, तर प्रत्येकीच्या लाकडी गाभ्यात दांड्यासाठी पाडलेले भोक दोन निरनिराळ्या कोनांत बरोबर यावे लागते. दोन्ही कोन अंशांतच मोजतात आणि दोन्हींसाठी ड्रिलचा मेजच कलवतात. त्यामुळे कागदावर नुसते ‘१२ अंश’ लिहिलेले असले की नवखा कारागीर हमखास फसतो.

रेक हा हातोडीकडे बाजूने पाहिल्यावर दिसणारा, तिचा दांड्याशी होणारा कोन. आघाताच्या क्षणी हातोडी तारेशी काटकोनात असावी, एवढ्यासाठीच तो असतो. तारेच्या उंचीतून दांड्याच्या बिजागरीची उंची वजा करून जे अंतर येते (बहुधा ४५ ते ५० मिमी), तेवढ्यावर हातोडीवरच्या नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या आवरणाच्या) टोकापासून भोक पाडले, तर आघाताच्या वेळी दांडा तारेला समांतर राहतो आणि ९० अंशांचा रेक पुरतो. तेच भोक टोकाकडे २.५ मिमी सरकले, की सुमारे १३० मिमीचा दांडा समांतर पातळीच्या वर उचलला जातो, हातोडी बिजागरीकडे साधारण एक अंश झुकते आणि तो झुकाव रेक ९१ अंशांचा करून भरून काढावा लागतो. एका अंशाची चूक टोकाशी जवळजवळ ०.८ मिमी होते. खर्जातल्या लांबलचक तारेला ती पचते. पण सर्वांत वरच्या स्वराच्या तारेची वाजणारी लांबीच जेमतेम ५० मिमी असते, आणि तिथे आघाताची जागा एवढी हलली तरी स्वर बोथट होतो.

तिरपा कोन दिसतो तो वरून पाहिल्यावर. पियानो बनवणाऱ्या स्टाइनवे यांनी १८५९ मध्ये ग्रँडसाठी पेटंट घेतलेल्या मांडणीत खर्जाच्या तारा इतर तारांवरून तिरक्या जातात, दांडे मात्र सरळच राहतात. म्हणून त्या भागातली हातोडी तारेच्या रोखाने दांड्यावर वळवून बसवतात. वरच्या सप्तकांत हा कोन बहुतेक शून्य असतो. तो चुकला, तर एका स्वराच्या दोन-तीन तारांवर आघात एका ओळीत पडत नाही आणि शेजारच्या हातोड्या एकमेकींना घासू लागतात.

ड्रिलखाली हातोडी आडवी धरली असता मेज तिच्या लांबीच्या दिशेने कलवला तर रेक बदलतो, जाडीच्या दिशेने कलवला तर तिरपा कोन. मला सर्वांत खात्रीचा वाटणारा उपाय असा: एका नमुन्याला भोक पाडावे, त्यात दांड्याच्याच जाडीची सरळ काडी घालावी आणि कोनमापक आधी बाजूने, मग वरून लावून पाहावे. जुनी हातोडी कोनांसाठी चांगला नमुना ठरते, कारण गाभ्याचे लाकूड झिजत नाही. भोकाचे अंतर मात्र तिच्यावरून घेऊ नये, कारण तिचा नमदा झिजलेला असल्याने ते हमखास कमी भरते.