कॉमेंटने गिळलेली ओळ

सी या प्रोग्रामिंग भाषेत दोन तिरप्या रेघांनी सुरू होणारा मजकूर म्हणजे कॉमेंट. तो माणसांसाठी असतो, कंपायलर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणारं सॉफ्टवेअर, तो सोडून देतो. तरीही कॉमेंटमधल्या शेवटच्या अक्षराने खालची ओळ गिळल्याचा अनुभव जपानी प्रोग्रामरांनी घेतला आहे. शिफ्ट-जिस या एन्कोडिंगमध्ये (अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्यात) काताकाना लिपीतलं ‘सो’ हे अक्षर १३१ आणि ९२ अशा दोन बाइट्सनी (० ते २५५ मधल्या आकड्यांनी) साठवलं जातं. यातला ९२ म्हणजे इंग्रजी अक्षरांचा जुना तक्ता असलेल्या अ‍ॅस्कीमधला बॅकस्लॅश (\), आणि ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश दिसला की सी भाषा पुढची ओळ त्याच ओळीला जोडून घेते. कंपायलर शिफ्ट-जिस समजून वाचत नसेल, तर खालची सूचनाही कॉमेंट ठरते. पडद्यावर मात्र सगळं जागच्या जागी दिसतं. चूक शोधणाऱ्याने शोधायचं तरी कुठे?

साध्या टेक्स्ट फाइलमध्ये नुसते आकडे असतात. ते कोणत्या तक्त्याने वाचायचे, याची नोंद फाइलमध्ये नसते. म्हणूनच हा तक्ता भाषेच्या नियमातच ठरलेला असावा, असं मला ठामपणे वाटतं. पायथन भाषेने २००१च्या प्रस्तावात वेगळी वाट धरली होती: फाइलच्या पहिल्या दोन ओळींत एन्कोडिंगचं नाव लिहायचं. ती सोय चालली, पण लिहायला विसरणं फार सोपं होतं. २००८मध्ये आलेल्या पायथन ३ने काही लिहिलं नसेल तर युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या अक्षरसूचीचं यूटीएफ-८ हे एन्कोडिंग गृहीत धरलं. गो आणि रस्ट या भाषांनी यूटीएफ-८च सक्तीचं केलं.

यूटीएफ-८च का? केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२मध्ये ते आखलं, तेव्हा अ‍ॅस्कीचे ० ते १२७ हे आकडे जसेच्या तसे ठेवले आणि बाकी प्रत्येक अक्षराचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा ठेवला. आपला ‘क’ २२४, १६४, १४९ असा साठतो. त्यामुळे यूटीएफ-८मध्ये ९२ दिसला तर तो बॅकस्लॅशच, दुसऱ्या अक्षराचा तुकडा कधीच नाही. मला यातलं हे सर्वांत सुंदर वाटतं.

एक गुंता तरीही उरतो. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एकाच संकेतांकाने लिहिता येतं, किंवा ‘र’ला नुक्ता (अक्षराखालचं टिंब) जोडूनही. दिसायला फरक नाही, बाइट्स वेगळे. प्रोग्राममध्ये किंमत साठवणाऱ्या व्हेरिएबलच्या नावात पायथन आणि रस्ट ही दोन्ही रूपं एकच मानतात. अवतरणचिन्हांतल्या मजकुरात मात्र ती वेगळीच राहतात, आणि तुलनेआधी त्यांना एका रूपात आणणं प्रोग्रामरलाच करावं लागतं.