गाठ कुठे मारायची? कोको बाइंडिंग्जची पार्श्वभूमी

मॅकसाठी ॲप लिहायला बसलेला नवा माणूस कोको बाइंडिंग्जपाशी (पडद्यावरचा घटक आणि त्यामागची माहिती आपोआप जुळती ठेवणारी ॲपलची सोय) हमखास अडखळतो: टेक्स्टफील्ड (टाइप करायचा चौकोन) कंट्रोलरला (पडदा आणि माहिती यांच्यातला मध्यस्थ) बांधायचं, की कंट्रोलर टेक्स्टफील्डला?

या प्रश्नाचं मूळ १९७९ मधलं. नॉर्वेहून झेरॉक्स पार्क या अमेरिकेतल्या संशोधन केंद्रात पाहुणे म्हणून आलेल्या ट्रिग्वे रेन्सकाउग यांनी तिथे मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलरची मांडणी केली: मॉडेल म्हणजे माहिती, व्ह्यू म्हणजे ती पडद्यावर दाखवणारा भाग. पुढे स्मॉलटॉक-८० या प्रोग्रामिंग भाषेत मॉडेल बदललं की ते नुसती हाळी देई. ज्या व्ह्यूला गरज असेल तो येऊन नवी किंमत (म्हणजे व्हॅल्यू) घेऊन जाई.

१९८८ च्या नेक्स्ट संगणकासोबत (ही कंपनी पुढे ॲपलने घेतली) इंटरफेस बिल्डर हे पडदे आखायचं साधन आलं. त्यात तारा दोन असत: बटणाकडून कंट्रोलरकडे टार्गेट-ॲक्शन (दाबल्यावर कोणाला काय सांगायचं), कंट्रोलरकडून बटणाकडे आउटलेट (बटण हाती धरायची खूण). दिशा डोळ्यांना दिसे, पण किंमत इथून उचल, तिथे ठेव, ही हमाली हातानेच. ती वाचावी म्हणून २००३ मध्ये मॅक ओएस टेनच्या पँथर आवृत्तीत बाइंडिंग्ज आल्या. तारा दिसेनाशा झाल्या, आणि घोळ इथूनच सुरू झाला.

समजा, पत्त्यांच्या वहीत ‘नाव’ असं टेक्स्टफील्ड आहे. इंटरफेस बिल्डरमध्ये ते निवडायचं आणि त्याची ‘व्हॅल्यू’ ॲरे कंट्रोलरच्या (नोंदींची यादी सांभाळणारा कंट्रोलर) ‘सिलेक्शन’मधल्या, म्हणजे निवडलेल्या नोंदीतल्या, ‘नेम’ला बांधायची. सेटिंग फील्डवर करायची, कंट्रोलरवर नाही. कंट्रोलरला या फील्डसाठी वेगळं आउटलेट लागत नाही. पण टाइप करून टॅब दाबला की फील्ड की-व्हॅल्यू कोडिंगने (गुणधर्माच्या नावावरून त्याची किंमत वाचायची-लिहायची पद्धत) नवं नाव कंट्रोलरच्या हाती देतं, तो ते मॉडेलपर्यंत पोचवतो. उलट मॉडेल बदललं तर की-व्हॅल्यू ऑब्झर्व्हिंगमुळे (अशा किमतीतल्या बदलावर पाळत ठेवायची पद्धत) खबर फील्डपर्यंत येते. (सेटर, म्हणजे किंमत बदलण्यासाठीची मेथड, टाळून थेट व्हेरिएबलमध्ये किंमत कोंबली, तर येत नाही.) गाठ एका बाजूने मारलेली, ये-जा दोन्हीकडून.

स्वतःचा व्ह्यू लिहिणाऱ्यांची फसगत आणखी वेगळी. तयार कंट्रोल दोन्हीकडे बोलतात, म्हणून आपलाही बोलेल असं वाटतं. पण बाइंडिंगची मूळ अंमलबजावणी फक्त मॉडेलकडून व्ह्यूकडे चालते; परतीचा कोड आपणच लिहायचा. माझा अख्खा शनिवार यात गेला आहे.

मायक्रोसॉफ्टने २००६ च्या डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोज ॲप्सचे पडदे बनवायची चौकट) ‘वनवे’, ‘टूवे’ अशी नावंच देऊन ही दिशा उघड केली. माझ्या मते ते जास्त शहाणपणाचं होतं. ॲपलने आयफोनवर कोको बाइंडिंग्ज आणल्याच नाहीत. ॲपलच्याच २०१९ च्या स्विफ्टयूआय या नव्या चौकटीत मात्र दिशा पुन्हा डोळ्यांना दिसते: स्टेटच्या (व्ह्यूने जपलेल्या किमतीच्या) नावाआधी डॉलरचं चिन्ह लावून दिलं तर खालच्या व्ह्यूला लिहिण्याची मुभा, नुसतं नाव दिलं तर फक्त वाचण्याची.