जुनी लाकडी बोट नीट करून तिच्यातच राहायचंय? काम द्यायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी. आमचं वर्कशॉप भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी, गोसीखुर्द धरणाचं बॅकवॉटर इथून दिसते. पहिले आम्ही ढिवर, म्हणजे मासेमार भावांचे डोंगेच दुरुस्त करायचो, आता काही हौशी लोक समुद्रावरच्या जुन्या शिडाच्या बोटी, म्हणजे यॉट, ट्रेलरवर टाकून आणून राहिले अन् म्हणतात हिला नीट करून द्या, रिटायर झालो की हिच्यातच राहतो. आम्हाला काम भेटते, आनंदच आहे. पण प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला म्हणून हा कागद.

पहिली गोष्ट. लाकडी बोट नदीच्या पाण्यानं सडत नाही, वरून पडणाऱ्या पावसानं सडते. तळाची फळी सतत बुडून असते, तिच्यात हवाच शिरत नाही म्हणून बुरशीला जगायला जागा नाही. सडते ते डेकचे सांधे, खिडकीच्या चौकटी, शिडाचा खांब जिथं डेकमधून खाली जातो ती जागा, म्हणजे जिथं पाणी येते, वाळते, परत येते. लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या वर गेला की बुरशी धरते. समुद्रात खारं पाणी थोडं राखते तरी, इथं सगळं गोडं पाणी. त्याच्या बदल्यात एक फायदा, समुद्रात लाकूड पोखरणारा किडा असतो तो गोड्या पाण्यात जगत नाही.

आणि दुसरा दुश्मन आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, पाण्याबाहेर उभी असलेली बोट अशी वाळते की फळ्यांच्या फटीतून पलीकडचं दिसते. हे पाहून लोक घाबरतात अन् कडक पुट्टी ठासून भरतात. असं करू नका भाऊ! पाण्यात टाकल्यावर लाकूड फुगते, पुट्टी दबत नाही, मग जोर आतल्या बरगड्यांवर येते अन् त्या तुटतात. सुरुवातीच्या वर्षात ही चूक आम्ही स्वतः केली, आठ दिवसांत तीन बरगड्या गेल्या, खर्च आमच्या खिशातून. आता आम्ही फटीत कापसाची वात हलक्या हातानं ठोकतो, वरून नरम लांबी, बाकी काम पाणी करते. नवीन सोडलेली बोट पहिले एकदोन दिवस गळतेच, पंप लावून ठेवतो, फळ्या फुगल्या की बहुतेक गळती आपोआप बंद. म्हणून मोठं काम आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच घेतो. मे मध्ये इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा पक्का डिंक, डब्यातच गरम होऊन दगड होते.

लाकूड आलापल्लीकडचं सागवान, बल्लारशाच्या डेपोतलं, टीपी, म्हणजे वाहतूक परवान्यासकट. अयोध्येच्या मंदिरालाही चंद्रपूर जिल्ह्यातूनच सागवान गेलं, २०२३ मध्ये, हे गिऱ्हाईकाला सांगायला आम्हाला आवडते. पण सागवानात तेल असते, इपॉक्सी लावायच्या आधी अ‍ॅसिटोननं पुसावं लागते नाहीतर जोड सुटते. केबिनच्या आत प्लाय लागला तर आयएस ७१० चाच, म्हणजे मरीन प्लाय, फर्निचरवाला चालणार नाही.

स्क्रूचं म्हणाल तर भंडारा पितळेचं गाव, म्हणून दरवेळी कोणीतरी म्हणते पितळेचे लावा. समुद्रात पितळातलं जस्त निघून जाते अन् स्क्रू भुसभुशीत होते. इथं गोड्या पाण्यात ते हळू होते, तरी तळाला आम्ही तांब्याचे रिवेटच मारतो. लोखंडी खिळा तर नकोच, त्याच्या गंजानं भोवतालचं लाकूडही काळं पडून मरते.

वरून जवसाचं तेल. हो, आपण खातो तेच, पण उकळलेलं. तेलाचे बोळे कोपऱ्यात ढीग करून टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. खरंच पेट घेतात. पाण्यात बुडवून ठेवा नाहीतर एकेक पसरून वाळवा.

आता राहायचं. सोलर, बॅटरी, पंखा हे सगळं होते, त्याची चिंता नको. चिंता गॅसची. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असते, घरात गळला तर दार उघडलं की निघून जाते, बोटीत तो तळाशी साचते अन् एका ठिणगीत खेळ खलास. म्हणून सिलेंडरसाठी आम्ही वेगळी पेटी करतो, तिचं भोक सरळ बाहेर. हे काम नको असेल तर आम्ही बोट घेत नाही, भांडण झालं तरी चालेल.

संडासचं पाणी धरणात सोडायचं नाही. वैनगंगेचंच पाणी काठावरची गावं पितात. पोर्टेबल टॉयलेट घ्या, काठावर आणून रिकामं करा.

पाणी उन्हाळ्यात खाली जाते, बुडीत गावांचे अवशेष अन् झाडांचे बुंधे वर येतात, अन् समुद्रावरच्या यॉटची कील, म्हणजे तळाखालचा उभा कणा, खोल असते. कुठं खोल आहे ते ढिवर काकांनाच माहीत, त्यांना विचारा, संध्याकाळी जाळी टाकलेली असतात त्यावरून बोट नेऊ नका. पावसाळ्यात धरणाची ३३ दारं उघडली की ओढ भलतीच. ऑगस्ट २०२० चा वैनगंगेचा पूर ज्यानं पाहिला तो जाडा दोर अन् दोन नांगर स्वतःहून मागते.

परवान्याचं आधीच पाहून घ्या. इंजिन असेल तर २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यानं नोंदणी लागते, अन् जलाशयात मुक्काम करायचा तर जलसंपदा विभागाला आधी विचारा. कागद आम्ही करून देत नाही, आम्ही सुतार आहोत.

तपासणीला पैसे घेत नाही. स्क्रू ड्रायव्हर टोचतो, हातोडीनं वाजवतो, ठक्क आवाज आला तर चांगलं, भद्द आला तर बसून बोलू. यायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून आणा, केबिन अन् शिडाचे सगळेच आणतात, आम्हाला तळाचे अन् सांध्यांचे पाहिजेत.