हिवाळी फोर बाय फोर सहल (ठाणे-नवी मुंबई)

ठाणे-नवी मुंबईतले गाडीवाले डिसेंबर ते फेब्रुवारीत पहाटे निघतात, सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर चारही चाकांना जोर लागणाऱ्या गाड्या चालवतात आणि रात्री घरी येतात, त्या ग्रुप ड्राइव्हला हे नाव, बोलताना नुसतं ऑफरोडिंग. पाच-सात गाड्या बऱ्या, त्याच्यावर गेलं की अर्धा दिवस एकमेकांची वाट बघण्यातच जातो. पावसाळ्यातला चिखल अवघड आणि हिवाळा म्हणजे नवशिक्यांचा सोपा सीझन असं सगळे धरून चालतात, ते अर्धंच खरं आहे. ओढे आटलेले असतात, कातळावरचं शेवाळ वाळलेलं असतं, मान्य, पण सुकी जमीन वेगळ्या तऱ्हेने फसवते आणि दिवस लहान, सूर्य सहा ते पावणेसातच्या दरम्यान मावळतो.

गाड्यांचं म्हणाल तर महिंद्रानी १९४७ मध्ये विलीज जीप जोडायला घेतली तिथपासून ही परंपरा धरता येते, मग १९८५ ची मारुती जिप्सी, २०१० ची थार, २०२० ची नवी थार, २०२३ ची जिम्नी, आणि फोर्सची गुरखा आहेच. पण थार दिसली म्हणजे फोर बाय फोर असेलच असं नाही हां, २०२३ पासून तिचं फक्त मागच्या चाकांवर चालणारं मॉडेलही मिळतं, त्यामुळे ग्रुपमध्ये नवीन कोणी आला की पहिला प्रश्न तोच.

ठाण्याचे लोक कल्याण, म्हारळ, मुरबाड, टोकावडे करत माळशेज घाट चढतात. पनवेलकडचे कर्जत-म्हसा रस्त्याने मुरबाडला येऊन मिळतात, फक्त पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा असते, गुरांचा बाजार आणि घोंगड्यांची दुकानं लागतात, त्या दिवसांत त्या रस्त्याला न गेलेलं बरं. घाटमाथ्यावर आलं की जुन्नर तालुका, थंडी ठाण्यापेक्षा बरीच जास्त, शेतांमधून पाणंद रस्ते आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या सुरू.

इथेच पुष्पावती नदीवरचं पिंपळगाव जोगा धरण आहे आणि हिवाळ्याची सगळ्यात मोठी फसगत अशा धरणांच्या काठावर होते. रब्बीचं आवर्तन, म्हणजे पिकांसाठी धरणातून सोडायचं पाणी, सुटलं की पाणी मागे सरकतं आणि मोकळा, सपाट, भेगा पडलेला काठ उघडा पडतो, मैदानच वाटतं. वरचा थर वाळून कडक झालेला असतो पण खाली गाळ ओलाच, माणूस आरामात चालतो आणि दीड टनाची गाडी पन्नास फूट जाऊन पोटापर्यंत बसते. मग ड्रायव्हर घाबरून रेस देतो, चाकं जागेवर फिरतात आणि अजून खोल जातात. म्हणून आधी उतरून चालायचं, टाच जोरात आपटून बघायची, काठी खुपसून बघायची, आणि गुरांचे खूर खोल गेलेले दिसले तर सरळ मागे फिरायचं. आणि एक गाडी रुतली तर दुसरी तिच्या शेजारी नेऊ नये, ती कडक जमिनीवर ठेवून लांब दोरानेच ओढायचं.

दुसरी गोष्ट घसारा. मुरूम आणि सुटे दगड असलेल्या उतारावर ब्रेक दाबला की चाकं लॉक होतात आणि गाडी आपल्या मर्जीने जाते, म्हणून फोर लो (चारही चाकांना जोर, वेग कमी आणि ताकद जास्त), पहिला गिअर, क्लचवरून पाय काढायचा आणि इंजिनलाच गाडी धरू द्यायची. चढ असो वा उतार, एका वेळी एकच गाडी. यातल्या बहुतेक गाड्यांना मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) नसतो आणि वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मातीत चाक थोडं सरकून तो फरक निघून जातो, डांबरावर तो ताण ट्रान्समिशनवर येतो, तर डांबर लागलं की परत टू व्हील. टायरमधली तीसेक पीएसआय हवा अठरा-वीसवर आणली की पकड बरीच वाढते, अजून उतरवली तर टायर रिममधून निसटू शकतो.

फुफाटा इतका उडतो की मागच्याला पुढचा दिसत नाही. लाइट चालू, अंतर भरपूर, आणि प्रत्येक फाट्यावर मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचं, वॉकी-टॉकी असला तरी. गावातून जाताना मात्र पहिल्या गिअरमध्ये, लोकांचं खळं, वाळवण सगळं उघड्यावर असतं. खाचरात भात निघून गेल्यावर वाल-हरभरा पेरलेला असतो, रिकामं दिसलं म्हणून बांध ओलांडून घुसायचं नसतं. वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नये, तापलेल्या एक्झॉस्टने वणवा लागू शकतो.

ओढताना दोर नेहमी चासीच्या टो हुकला शॅकलने (यू आकाराच्या लोखंडी कडीने), ट्रेलर जोडायच्या मागच्या बॉलला कधीच नाही, तो तुटून गोळीसारखा येतो आणि जगभरात अशाने माणसं मेलीत. दोरावर गोणपाट टाकायचं, बघ्यांना लांब उभं करायचं (बघे कुठून येतात कळत नाही, पण येतात).

येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे हा प्रकार चालत नाही. माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे आपली गाडी नेताच येत नाही. अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि राखीव वनातही वनखात्याला विचारूनच.

जेवण ठरलेलं, कुठल्यातरी गावात आधी सांगून ठेवलेली पिठलं-भाकरी. पनवेल-रायगड बाजूच्या ग्रुपमध्ये जानेवारीनंतर पोपटी असते, मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी नाहीतर चिकन, पाणी अजिबात नाही, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. तिला वेळ लागतो म्हणून ती वाटेवर करत नाहीत, परत येताना कोणाच्यातरी शेतावर.

चार-साडेचारला कच्चा रस्ता सोडायचा असा नियम बहुतेक ग्रुप पाळतात, कारण अंधारात घसारा कळत नाही आणि घाट उतरून कल्याणच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास जातातच. डांबराला लागल्यावर कॉम्प्रेसर काढून हवा भरायची, एअर फिल्टर झटकायचा आणि गाडीखाली अडकलेलं गवत तिथेच काढून टाकायचं.