‘वेगवेगळी फळे खा’ या सल्ल्याची पार्श्वभूमी

आहारात निरनिराळ्या प्रकारची फळे असावीत, हा सल्ला आज इतका सर्वतोमुखी झाला आहे की तो मुळात कुणाला शोधून काढावा लागला असेल, असे वाटतच नाही. प्रत्यक्षात एकाच फळावर किंवा एकाच द्रव्यावर भिस्त ठेवल्याने झालेल्या चुकांतून तो हळूहळू घडत गेला.

सन 1747 मध्ये ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या शल्यवैद्याने स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा, हिरड्यांतून रक्त येणारा आजार) झालेल्या 12 खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. व्हिनेगर, समुद्राचे पाणी, सौम्य गंधकाम्ल यांपैकी कशाचाच विशेष उपयोग झाला नाही. संत्री आणि लिंबू खाणारे दोघे मात्र काही दिवसांतच सावरले. तरीही लिंबाचा रस नौदलात सर्रास मिळू लागण्यास 1795 साल उजाडले.

या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग मला त्यानंतरचा वाटतो. गुण आंबटपणात आहे, अशी समजूत असल्यामुळे नौदलाने 1860 च्या दशकात भूमध्य सागराकाठच्या मोठ्या पिवळ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधील लहान हिरवी लिंबे घेतली. मराठीत आपण दोन्हींना लिंबूच म्हणतो, पण हिरव्या लिंबात क जीवनसत्त्व बरेच कमी असते आणि साठवणीत रसातले उरलेसुरलेही नष्ट होत असे. त्यामुळे 1875–76 च्या ब्रिटिश आर्क्टिक मोहिमेत हा रस जवळ असूनही स्कर्व्हीने डोके वर काढले. चवीला सारखी लागणारी दोन फळे गुणाने सारखी असतीलच असे नाही, हे त्या खलाशांना फार महागात पडले.

जीवरसायनशास्त्रज्ञ कासिमिर फुंक यांनी 1912 मध्ये ‘व्हिटॅमिन’ची संकल्पना मांडली, तर हंगेरियन शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना क जीवनसत्त्वाशी निगडित कार्यासाठी 1937 चे नोबेल पारितोषिक मिळाले. द्रव्य हाती आले म्हणजे फळाची गरज संपली, असे मानण्याचा मोह त्यानंतर बळावला. भरपूर फळे-भाज्या खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळत असल्याने फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवर चाचणी झाली व त्यांपैकी काही गटांना जर्दाळू, आंबा, गाजर यांत असणारे बीटा-कॅरोटीन हे नारिंगी रंगद्रव्य गोळीच्या रूपात देण्यात आले. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ते घेणाऱ्यांत हा कर्करोग कमी न होता 18 टक्क्यांनी अधिक आढळला.

तोवर जागतिक आरोग्य संघटनेने 1990 च्या अहवालात फळे व भाज्या मिळून रोज किमान 400 ग्रॅम खाण्याची शिफारस केली होती. पेरूत क जीवनसत्त्व संत्र्याहूनही जास्त असते, केळ्यातून पोटॅशियम मिळते, सफरचंदातून पेक्टिन हा विरघळणारा तंतू, तर जांभळ्या द्राक्षांतून अँथोसायनिन हे रंगद्रव्य. ही सगळी द्रव्ये एकाच फळात पुरेशा प्रमाणात सापडत नाहीत. पुढे 2013 मध्ये 1 लाख 87 हजारांहून अधिक व्यक्तींच्या नोंदी तपासल्या असता ब्लूबेरी, द्राक्षे व सफरचंद खाण्याचा संबंध टाइप 2 मधुमेहाच्या कमी धोक्याशी, तर फळांच्या रसाचा संबंध किंचित वाढलेल्या धोक्याशी आढळला.