पार्श्वभूमी : शेवटच्या सेकंदाचा थ्री आणि टेबलाभोवतीची गर्दी

ठाणे, वाशी, नेरूळ, खारघर इथल्या शालेय आणि सोसायटी बास्केटबॉल स्पर्धांमध्ये एक भांडण ठरलेलं असतं. दोन गुणांनी मागे असलेल्या संघाचा गार्ड (बाहेरून खेळणारा खेळाडू) तीन गुणांच्या रेषेच्याही मीटरभर मागून चेंडू टाकतो, म्हणजे थ्री घेतो, वेळ संपल्याचा हूटर वाजतो आणि चेंडू जाळीतून खाली येतो. अर्धी गर्दी कोर्टात घुसते, उरलेली घड्याळ आणि गुण सांभाळणाऱ्यांच्या टेबलाकडे धावते. 'सुटला होता' आणि 'हातातच होता' असे दोन पक्ष पडतात. बहुतेकांना वाटतं की वाद चेंडू सुटण्याच्या क्षणाचा आहे. पण नियमांचा इतिहास पाहिला तर गोंधळाचं मूळ बऱ्याचदा काही सेकंद आधी, घड्याळ चालू होताना सापडतं.

लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण मिळायला लागले ते फार पूर्वीपासून नाही. एप्रिल १९७० मध्ये लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क यांच्यातल्या एनबीए या अमेरिकेच्या मुख्य व्यावसायिक लीगच्या अंतिम मालिकेतल्या तिसऱ्या सामन्यात लॉस एंजेलिसच्या गार्डने सुमारे ६० फुटांवरून शेवटच्या क्षणी बास्केट केला. त्याचे दोनच गुण धरले गेले. त्यामुळे १०२-१०२ अशी बरोबरी झाली आणि जादा वेळेत तो संघ १११-१०८ असा हरला. आजच्या हिशेबाने सामना तिथेच जिंकून संपला असता. अमेरिकेच्या मुख्य लीगने तीन गुणांची रेघ १९७९-८० च्या मोसमात घेतली, आंतरराष्ट्रीय नियमांत ती १९८४ मध्ये ६.२५ मीटरवर आली, १९८८ मध्ये ऑलिंपिकमध्ये दिसली आणि २०१० मध्ये ६.७५ मीटरवर सरकली. याच काळात शेवटचा लांबचा शॉट 'नाइलाजाने फेकलेला चेंडू' न राहता आखलेली चाल झाला.

घड्याळाचा घोळ त्या रेघेहून जुना. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात अमेरिका ५०-४९ ने पुढे असताना शेवटचे तीन सेकंद तीनदा खेळवले गेले. दुसऱ्या वेळी घड्याळ नीट लावून व्हायच्या आतच चेंडू आत दिला गेला, हॉर्न वाजला आणि अमेरिकी खेळाडूंनी जल्लोष सुरू केला. तिसऱ्या वेळी सोव्हिएत संघाने लांब पासवर बास्केट करून ५१-५० असा विजय घेतला. अपील समितीत मतं ३ विरुद्ध २ पडली. अमेरिकी संघाने रौप्यपदकं स्वीकारली नाहीत. या प्रसंगावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण आपल्या मैदानांसाठी जानेवारी १९९० चा न्यूयॉर्कमधला एनबीए सामना जास्त कामाचा आहे. १०६-१०६ अशी बरोबरी आणि घड्याळात ०.१ सेकंद. खेळाडूने बाहेरून आलेला पास पकडला, वळला, थ्री टाकला आणि तो मोजला गेला : १०९-१०६. पकडणं, वळणं आणि सोडणं एक दशांश सेकंदात होत नाही. याचा अर्थ घड्याळ उशिरा चालू झालं होतं. विरोधी संघाची तक्रार फेटाळली गेली, पण पुढच्या मोसमापासून नियम बदलला. आता आंतरराष्ट्रीय नियमही तेच सांगतात : थ्रो-इनवर (रेषेबाहेरून चेंडू आत देताना) किंवा शेवटच्या फ्री-थ्रोनंतरच्या रिबाउंडवर (चुकून परत आलेल्या चेंडूवर) चेंडू ताब्यात घेऊन शॉट घ्यायचा तर घड्याळात किमान ०.३ सेकंद हवेत. ०.२ किंवा ०.१ उरले असतील तर फक्त चेंडू टॅप करून (न पकडता ढकलून) किंवा थेट डंक करून (वरून रिंगमध्ये घालून) केलेला बास्केट धरला जातो.

२००२ ची घटना उलट टोकाची. लॉस एंजेलिस आणि सॅक्रामेंटो यांच्यातल्या एनबीए प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) चौथ्या सामन्यात पूर्वार्ध संपताना मध्यरेषेजवळून फेकलेला चेंडू आत गेला आणि मोजला गेला. चित्रफितीत हॉर्न वाजताना तो हातातच दिसत होता. लॉस एंजेलिसने सामना एका गुणाने जिंकला, आणि तोही शेवटच्या थ्रीवर. पुढच्या मोसमापासून त्या लीगमध्ये अशा शॉटसाठी चित्रफीत पाहायची मुभा मिळाली आणि रिंगमागच्या बोर्डाभोवती लाल दिवे आले.

इथे मुद्दा दिव्यांचा आहे. नियमानुसार क्वार्टर (सामन्याचा चौथा भाग) किंवा सामना घड्याळाचा हूटर वाजला की संपतो. पण बॅकबोर्डाच्या कडेने लाल दिवे बसवलेले असतील तर आवाजापेक्षा दिव्यांना मान. हे वाक्य नियमपुस्तकात एका ओळीत उरकलं आहे, आणि आपल्याकडची अर्धी भांडणं त्याच ओळीतून निघतात. कारण ठाणे-नवी मुंबईच्या उघड्या काँक्रीट कोर्टांवर ते दिवे सहसा नसतात. तिथे हूटरचा आवाज हाच कायदा. मग तो आवाज कुठून आणि किती उशिरा येतो, हे पाहायला हवं.

छोट्या स्पर्धेत टेबल कसं लागतं? एक घडीचं टेबल, त्यावर स्कोअरशीट, लॅपटॉप किंवा मोबाइलवर घड्याळाचं अॅप आणि आवाजासाठी स्पीकर. स्पीकर वायरने जोडलेला असेल तर ठीक. ब्लूटूथवर असेल तर आवाज साधारण एक ते तीन दशांश सेकंद मागे पडतो. पडद्यावर शून्य दिसतं, हूटर नंतर येतो. दिवे नसल्यामुळे नियम आवाजाच्या बाजूने, म्हणून त्या अवधीत सुटलेला चेंडू मोजावा लागतो. पडद्याकडे पाहणारा प्रेक्षक 'शून्य झालं होतं' म्हणून ओरडतो, रेफरी आवाजावर निकाल देतो, आणि दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. आयोजकांनी तीनशे रुपयांची वायर वाचवलेली असते, इतकंच.

त्यात आवाजाच्या प्रवासाची भर पडते. टेबल बाजूच्या रेषेच्या मध्यावर असतं. तिथून समोरच्या बाजूचा कोपरा २८ बाय १५ मीटरच्या कोर्टावर सुमारे साडेवीस मीटर दूर पडतो. आवाजाला तिथे पोचायला सहा शतांश सेकंद लागतात. कोपऱ्यातल्या प्रेक्षकाला हूटर टेबलाजवळच्या माणसापेक्षा तितका उशिरा ऐकू येतो. हा फरक लहान आहे, पण शॉट सुटण्याचा क्षणही तितकाच लहान असतो.

सगळ्यात मोठी गफलत मात्र घड्याळ चालू करताना होते. थ्रो-इनवर घड्याळ सुरू होतं ते आतल्या खेळाडूने चेंडूला नियमाप्रमाणे स्पर्श केल्यावर. चेंडू फेकणाऱ्याच्या हातून सुटल्यावर नव्हे. टायमरने (घड्याळ चालवणाऱ्याने) बोट बटणावर ठेवून चेंडूकडे आणि रेफरीच्या वर उचललेल्या हाताकडे पाहायचं असतं. माणसाचा हात प्रतिसाद द्यायला साधारण दोन दशांश सेकंद घेतो. टायमर स्कोअरबोर्डाकडे पाहत असेल, शेजारच्याशी बोलत असेल किंवा स्वतःच कोर्टातल्या शाळेचा माजी विद्यार्थी असेल, तर आणखी थोडा. घड्याळात एक सेकंद उरला आहे असं धरा. सुरुवातीला दोन दशांश गेले, ब्लूटूथने दोन दशांश दिले, तर शॉट घेणाऱ्याला प्रत्यक्षात जवळपास दीड सेकंद मिळतो. एवढ्या वेळात पकडणं, एक ड्रिबल आणि शॉट आरामात बसतं. गर्दी मात्र शेवटच्या क्षणाची चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहते. सुरुवातीचा क्षण कोणी चित्रित केलेलाच नसतो.

मोबाइलच्या चित्रफितीचं पण असंच. नेहमीच्या सेकंदाला ३० फ्रेमच्या चित्रीकरणात दोन फ्रेममध्ये तीन शतांश सेकंदांचं अंतर असतं, आणि संध्याकाळच्या फ्लडलाइटमध्ये बोटांजवळचा चेंडू धूसर दिसतो. फितीतला आवाज मोबाइल जिथे होता तिथला, रेफरीच्या कानातला नव्हे. वॉट्सअॅपवर दाबून आलेली फीत तर आणखी कमी कामाची. आणि नियमानेही, स्पर्धेने आधीपासून चित्रफितीची व्यवस्था मान्य केली नसेल तर रेफरीला ती पाहून निकाल बदलता येत नाही. प्रेक्षकाने समोर धरलेला फोन त्यात बसत नाही.

दोन रेफरींच्या सामन्यात शेवटच्या शॉटची जबाबदारी मागच्या, म्हणजे ट्रेल रेफरीची. त्याने आधी पाय पाहायचे (रेषेवर आहेत की मागे), मग हात, आणि हूटर कानाने पकडायचा. ही क्रमवारी चुकली की थ्रीचा टू होतो किंवा उलट. शंका असेल तर दोन्ही रेफरी आणि टेबल यांनी लगेच एकत्र येऊन ठरवायचं, शेवटचा शब्द मुख्य रेफरीचा. हूटर बिघडला किंवा ऐकूच आला नाही तर टायमरने मिळेल त्या मार्गाने रेफरीला लगेच कळवायचं असतं. खुणेला हात वर करून उभं राहणं हा त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग. ओरडणं चालत नाही, कारण त्या वेळी सगळेच ओरडत असतात.

त्या ओरडण्यातही कसब आहे. घरच्या संघाचे पाठीराखे 'पाच, चार, तीन' मोजतात आणि मुद्दाम वेगाने मोजतात, म्हणजे पाहुणा गार्ड घाबरून लवकर टाकतो. नियमात याला बंदी नाही. उपाय एकच : टाइम-आउटमध्येच घड्याळ पाहून ठेवणं आणि स्वतःच्या बेंचवरच्या एकाच माणसाचा आवाज ऐकायचं ठरवणं.

गर्दीची प्रतिक्रिया शॉटपेक्षा निकालावर अवलंबून असते, हे गेल्या दहा-बारा वर्षांत जास्त उघड झालं. जून २०१३ मध्ये मायामीत एनबीए अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात पाच सेकंद उरलेले असताना कोपऱ्यातून आलेल्या थ्रीने बरोबरी साधली. तोपर्यंत हार गृहीत धरून बाहेर पडलेल्या प्रेक्षकांना परत आत येता आलं नाही. एप्रिल २०१९ मध्ये पोर्टलंडच्या गार्डने ११५-११५ असताना सुमारे ३७ फुटांवरून शॉट घेऊन मालिकाच संपवली. प्रतिस्पर्धी खेळाडूने नंतर तो वाईट शॉट असल्याचं म्हटलं, आणि त्यावरून आपल्याकडेही सकाळी सकाळी दोन तट पडले. पण बरोबरी असताना चुकला असता तर जादा वेळ मिळणार होता. म्हणजे तो दिसतो तितका धोक्याचा नव्हता. खरा धोका एका गुणाने मागे असताना आहे, जेव्हा जवळचा बास्केटही पुरतो आणि तरी लांबून टाकला जातो.

दोन गुणांनी मागे असाल तर हिशेब उलटतो. थ्री पडायची शक्यता तेहतीस टक्के धरली तर तेवढीच जिंकायची. जवळच्या बास्केटची पन्नास टक्के धरली तरी तो फक्त बरोबरी देतो, आणि जादा वेळेत निम्मी संधी धरली तर जिंकायची शक्यता पंचवीस टक्के. म्हणून प्रशिक्षक तिथे थ्री घेऊ देतात आणि प्रेक्षक 'वेडा झाला का' म्हणतात. टेनिस बॉल क्रिकेटच्या शेवटच्या चेंडूवरच्या सिक्सरवर वाढलेल्या इथल्या गर्दीलाही बास्केटबॉलमधला लांबचा शॉट म्हणजे हावरेपणा वाटतो. त्यातून ती बाहेर येतेय, पण सावकाश.

मध्यंतरी आणखी एक बदल झाला आहे. क्वार्टर संपताना अर्ध्या कोर्टावरून चेंडू फेकायला खेळाडू कचरत, कारण चुकला तर टक्केवारी घसरे. अमेरिकेच्या मुख्य लीगने २०२५-२६ पासून पहिल्या तीन क्वार्टरच्या शेवटच्या तीन सेकंदांत, स्वतःच्या अर्ध्यातून सुरू झालेल्या चालीवर, किमान ३६ फुटांवरून घेतलेला चुकलेला शॉट खेळाडूऐवजी संघाच्या खात्यावर टाकायला सुरुवात केली.

रेघ हाही स्वतंत्र घोळ. नवी मुंबईतल्या बऱ्याच कोर्टांवर तीन गुणांची जुनी ६.२५ मीटरची कमान नव्या रंगाखालून डोकावते आणि संध्याकाळी कोणती खरी ते दिसत नाही. नवी कमान आखताना दोर लावायचा तो रिंगच्या केंद्राच्या बरोबर खालच्या बिंदूवरून, म्हणजे एंडलाइनच्या (रिंगमागच्या कोर्टाच्या रेषेच्या) आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवरून. रंगारी बऱ्याचदा बोर्डाच्या खालून, म्हणजे १.२० मीटरवरून, दोर धरतात आणि कमान साडेसदतीस सेंटिमीटर आत जाते. दुसरी चूक अशी की ६.७५ रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचे असतात, आतल्या नव्हे. रेघ पाच सेंटिमीटर रुंद. पायाचा पंजा रेघेला लागला तर दोनच गुण, कारण रेघ तीन गुणांच्या भागात येत नाही. उडी मारताना पाय शेवटचा जमिनीला कुठे टेकला तेवढंच धरायचं, खाली उतरताना रेघेच्या आत आला तरी तीनच. कोपऱ्यात बाजूच्या रेषेपासून ९० सेंटिमीटर ठेवायला हवेत. सोसायटीच्या अरुंद कोर्टात ते राहत नाहीत, आणि शॉट घेणाऱ्याची टाच बाहेर पडते.

तक्रार करायची तर कर्णधाराने सामना संपल्यावर १५ मिनिटांच्या आत मुख्य रेफरीला सांगून स्कोअरशीटवर त्या जागी सही करावी लागते. ती मुदत इथे बहुतेक वेळा टेबलाभोवतीच्या हुज्जतीतच निघून जाते. हूटरच्या आधी फाउल झाला असेल तर घड्याळ शून्यावर असतानाही फ्री-थ्रो घेतले जातात. म्हणून कोर्टात धावत येणाऱ्यांना रेफरी आधी बाहेर काढतो, मग निकाल सांगतो.

खारघर, घणसोलीतल्या अर्ध्या आकाराच्या कोर्टांवर हल्ली तीन विरुद्ध तीनचे सामने जास्त होतात. तिथे हा वाद निम्म्याहून कमी असतो. कमानीबाहेरून दोन गुण, आतून एक, दहा मिनिटं किंवा एकवीस गुण, जे आधी होईल ते. कोणी एकवीस गाठले की घड्याळाचा प्रश्नच उरत नाही. दहा मिनिटांनंतर बरोबरी असेल तर जादा वेळेत आधी दोन गुण करणारा जिंकतो, म्हणजे कमानीबाहेरचा एकच बास्केट पुरतो. त्या जादा वेळेत बारा सेकंदांचं शॉट क्लॉक (शॉट घेण्याच्या मुदतीचं घड्याळ) सोडलं तर हूटर वाजायचं कारण नसतं.