हृद्‌रोगाचे जोखीमघटक, किशोरवयातील

हृदयविकाराचा झटका सहसा चाळिशीनंतर येत असला, तरी त्यामागचा रोहिणीविलेपी विकार (रोहिणीच्या म्हणजे धमनीच्या अस्तराखाली मेद साचत जाणे) किशोरवयातच मूळ धरतो, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. तंबाखू, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, मधुमेह, रक्तातील वाढता मेद आणि बैठेपणा हे प्रौढांचे जोखीमघटक याही वयाला लागू पडतात.

कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनात (१९५३) सुमारे ७७ टक्क्यांच्या हृद्‌रोहिण्यांत विकाराची चिन्हे आढळली. त्यांचे सरासरी वय २२ होते. हा आकडा सर्रास उद्‌धृत होतो, पण त्यात रोहिणीचे किंचित जाड झालेले अस्तरही मोजलेले होते. शिवाय महारोहिणीतील (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीतील) मेदरेषा, म्हणजे अस्तरातील मेदाच्या पट्ट्या, जवळपास सर्वच मुलांत दिसतात आणि त्या सगळ्या पुढे वाढत नाहीत. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील बोगालुसा गावच्या अभ्यासाचा पुरावा अधिक वजनदार वाटतो. त्यात तरुण वयात दगावलेल्या २०४ जणांचे शवविच्छेदन तपासले गेले (१९९८). जितके जोखीमघटक अधिक, तितका रोहिण्यांतील विकार अधिक पसरलेला होता.

जोखमीचे मूळ गर्भावस्थेत शोधणारे मत ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर यांचे: गर्भात पोषण कमी पडून जन्मवजन कमी राहिले, तर पुढे हृद्‌रोगाची जोखीम वाढते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किग्रॅ. भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किग्रॅ. मात्र खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमट्यात धरून मोजली असता पुण्याच्या बाळांत मेद त्या मानाने फारसा घटलेला नव्हता. ‘काटक बांधा’ पाहून निर्धास्त राहता येत नाही ते यामुळे. जन्मवजनापेक्षा बालपणी झपाट्याने वाढणारे वजन अधिक महत्त्वाचे, असाही एक पक्ष आहे. दिल्लीतील पाहणी (२००४) त्याला पुष्टी देते.

सवयींपैकी तंबाखूवर कायद्याचा भर आहे. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस मनाई आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. टपरीवर मात्र पानमसाल्याची व तंबाखूची पुडी वेगवेगळी मिळते आणि ती तळहातावर एकत्र होते. मिश्रीही तंबाखूच, हे घरात सहसा धरले जात नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते दमदार हालचाल सुचवते. दहावीच्या वर्षात पीटीचा तास बहुधा गणिताकडे जातो.

घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस संसर्गानंतर ५ ते १५ या वयात होणारा ऱ्हुमॅटिक ज्वर हृदयाच्या झडपा निकामी करू शकतो. त्याची कारणे वेगळी असल्याने तो या नोंदीत घेतलेला नाही.